तुम्ही विचारलंत म्हणून: मग त्यांच्या स्टेजवर का जात नाही?

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी येतो. गणपतीत, हळदीकुंकवाला, नाहीतर वेम्बलीला भाजी घेताना कोणीतरी आपलं माणूस गाठतं आणि म्हणतं, "ताई, तुम्ही त्या शरिया कोर्टांच्या विरोधात उभ्या राहता ना, मग ते टॉमी रॉबिन्सनवाले पण तेच म्हणतायत की, त्यांच्या स्टेजवर जाऊन दोन शब्द बोललात तर काय बिघडलं, आवाज मोठाच होईल." (टॉमी रॉबिन्सन म्हणजे इथला कट्टर उजवा, मुस्लिमविरोधी पुढारी.) आणि दुसऱ्या बाजूनं माझ्याच लेकीच्या कॉलेजातल्या मैत्रिणी, चहा पिता पिता, अगदी गोड आवाजात, "मावशी, तुम्ही ज्या लोकांबरोबर जाता ते इस्लामद्वेष्टे आहेत असं आम्ही ऐकलंय." म्हणजे एकाला मी घाबरट वाटते आणि दुसरीला विखारी. उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही म्हणून एकदाच बसून लिहिते, लांबेल, आधीच सांगते.

मी मूळची इचलकरंजीची, २००२ पासून लंडनला हॅरोत. दिवसा अकाउंट्सची नोकरी आणि आठवड्यातली एक संध्याकाळ एका सल्लाकेंद्रात हिंदी-उर्दूची दुभाषी म्हणून फुकट काम. हे काम मी काही विचारसरणी वगैरे म्हणून सुरू केलं नाही, शेजारणीनं ओढत नेलं. तिथे बायका यायच्या, त्यातल्या बऱ्याच जणींची गोष्ट साधारण एकच. लग्न झालं म्हणजे निकाह झाला, दोनशे माणसं जेवली, व्हिडिओ आहे, फोटो आहेत, पण सरकारी नोंद नाही. इथला १९४९ चा विवाह कायदा म्हणतो की लग्न एकतर नोंदणी असलेल्या जागी ठरलेल्या रीतीनं व्हायला पाहिजे नाहीतर रजिस्ट्रारकडे वेगळं जाऊन करायला पाहिजे. ते केलं नसेल तर पंधरा वर्षं संसार करूनसुद्धा कायद्याच्या लेखी तुम्ही त्याच्या बायको नाही. घर त्याच्या नावावर, पेन्शन त्याची. २०२० च्या फेब्रुवारीत इथल्या अपील कोर्टानं पण शिक्कामोर्तब केलं की नुसता निकाह म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं लग्नच नव्हे, त्यामुळे घटस्फोटाचा प्रश्नच येत नाही. आता कायद्यानं लग्न नाही, पण समाजात तर आहे, म्हणून सुटका करून घ्यायला ती बाई जाते शरिया कौन्सिलकडे, म्हणजे इस्लामी धर्मकायद्यानं निवाडा करणाऱ्या मंडळाकडे. नवरा तोंडानं तलाक देऊन मोकळा होऊ शकतो, तिला मात्र चार दाढीवाल्यांसमोर बसून सांगावं लागतं की मारतो, कुठे मारतो, किती वेळा मारतो, आणि ते म्हणतात एकदा समेट करून बघू, त्यालाही बोलावू.

"शरिया कोर्ट" हा शब्द तसा चुकीचा आहे. कोर्ट नाहीच ते. लंडनच्या लेटन भागात १९८२ पासून एक जुनं कौन्सिल आहे, मग २००७ मध्ये एक लवाद निघाला तो १९९६ च्या लवाद कायद्याचा आधार घेऊन, आणि बाकी छोटी छोटी किती आहेत ते सरकारलाही धड मोजता आलं नाही. २०१८ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीचा अहवाल आला त्यात एवढं मात्र स्पष्ट होतं की तिथे जाणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका असतात आणि त्या तलाक मागायलाच जातात.

आपल्याकडच्या माणसाला मी हे समजावते तेव्हा एकच शब्द वापरते, जात पंचायत. लगेच डोळे चमकतात. कोर्ट नाही, पण निकाल देते. सक्ती नाही म्हणतात, पण ऐकलं नाही तर भावाचं लग्न अडतं. आणि पंच कोण, तर सगळे पुरुष.

हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण माझं निम्मं उत्तर त्यातच आहे. महाराष्ट्रात जात पंचायतींच्या विरोधात अंनिसनं २०१३ पासून जी मोहीम उघडली, जिच्यातून पुढे सामाजिक बहिष्काराच्या विरोधातला २०१६ चा कायदा आला, ती आठवा. त्यातल्या बऱ्याच केसेस भटक्या-विमुक्त जमातींच्या होत्या. आता समजा त्या मोहिमेच्या सभेत स्टेजवर असा एक माणूस आणून बसवला जो म्हणतो ह्या जमातीच चोर, ह्यांना गावाबाहेर काढा. इंग्रजांनी १८७१ मध्ये ह्याच लोकांना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता, तो जायला १९५२ उजाडलं, आणि त्या आठवणी अजून ताज्या आहेत. तो माणूसही म्हणेल मी जात पंचायतीच्या विरोधात आहे, आणि खोटं बोलत नसेल तो. पण पंचायतीनं वाळीत टाकलेली जी मुलगी आहे, जिच्यासाठी सभा घेतली, ती त्या सभेला येईल का? आपल्या आईबापाला चोर म्हणणाऱ्याच्या शेजारी बसून आपल्या पंचांची तक्रार करेल का? नाही येणार. घरी जाईल, पंचांना दंड भरेल, पाया पडेल, कारण पंच निदान तिला आपली तरी म्हणतात.

बरं, आता मोहिमेकडे येते, कारण लोकांना वाटतं मी कुठल्या तरी पक्षात आहे. संघटनेचं नाव वन लॉ फॉर ऑल, म्हणजे सगळ्यांना एकच कायदा. २००८ च्या फेब्रुवारीत कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स एका भाषणात बोलून गेले की शरियाचा काही भाग इथल्या व्यवस्थेत येणं अटळ दिसतं, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला साठ वर्षं झाली त्या दिवशी, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये ही मोहीम सुरू झाली. मोहिमेच्या म्होरक्या मरियम नमाझी, मूळच्या इराणच्या, क्रांतीनंतर घरच्यांबरोबर देश सोडलेल्या, काही काळ भारतातही राहिलेल्या, आणि कट्टर डाव्या. हे डाव्या वगैरे मुद्दाम सांगते कारण आपल्याकडे समज असा की इस्लामी कट्टरतेच्या विरोधात बोलणारा म्हणजे उजवाच असणार. मी त्यांच्या संघटनेची सभासद वगैरे नाही, निदर्शनं असली की जाते, बोर्ड धरते, घरी येते, एवढंच.

सगळ्यात आठवणीतलं म्हणजे २०१३ च्या डिसेंबरातलं. इथल्या विद्यापीठांच्या संघटनेनं, युनिव्हर्सिटीज यूकेनं, एक मार्गदर्शक काढलं की बाहेरून आलेल्या धार्मिक वक्त्यानं मागणी केली तर हॉलमध्ये बायका आणि पुरुष वेगवेगळे बसवायला हरकत नाही, शेजारी शेजारी बसवले म्हणजे झालं, मागे-पुढे नकोत. म्हणजे एकविसाव्या शतकात विद्यापीठं आम्हाला पंगत शिकवायला निघाली! १० डिसेंबरला टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये त्यांच्या ऑफिससमोर आम्ही उभे, थंडी अशी की बोटं वाकत नव्हती, समोर बागेत गांधीजींचा पुतळा मांडी घालून बसलेला, आणि आमच्यात इराणी, पाकिस्तानी, बांगलादेशी, पंजाबी बायका, काही हिजाब घातलेल्यासुद्धा. चार दिवसांत ते मार्गदर्शक मागे घेतलं गेलं. पुढच्या वर्षी वकिलांच्या लॉ सोसायटीनं शरियाप्रमाणे मृत्युपत्र कसं करावं ह्याची टिपणी काढली, मुलीला मुलाच्या निम्मा वाटा वगैरे, तीही नोव्हेंबरात मागे घ्यावी लागली. आमची सगळी गर्दी मिळून एका लग्नाच्या वरातीएवढी असेल नसेल. तेव्हा "आवाज मोठा होईल" म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगते की आवाज लहानच होता, आणि तरी ऐकू गेला.

त्यात मिठाचा खडा पडला तो वेगळाच. अ‍ॅन मरी वॉटर्स नावाच्या बाई ह्या मोहिमेच्या प्रवक्त्या होत्या, बोलायला फर्डा, तेव्हा लेबर पक्षात. त्या बाहेर पडल्या, २०१४ मध्ये स्वतःची शरिया वॉच नावाची संघटना काढली, मग युरोपियन युनियनमधून बाहेर पडा म्हणणाऱ्या युकिप पक्षात गेल्या, २०१६ च्या जानेवारीत टॉमी रॉबिन्सनबरोबर पेगिडा ह्या जर्मनीतल्या इस्लामविरोधी चळवळीची ब्रिटिश शाखा सुरू केली, २०१७ मध्ये युकिपच्या नेतेपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या आल्या आणि हरल्यावर फॉर ब्रिटन नावाचा पक्ष काढला, तो २०२२ मध्ये बंद पडला. म्हणजे तीन-चार वर्षांत माणूस "सगळ्यांना एक कायदा" पासून "ह्या लोकांना येऊच देऊ नका" पर्यंत जाऊ शकतो, हे आमच्या डोळ्यांदेखत झालं. नमाझींनी आणि मोहिमेनं त्या राजकारणापासून जाहीरपणे अंतर ठेवलं, आणि ते काही नंतर अंगाशी आल्यावर सुचलेलं नव्हतं, कारण २०११ मध्येच मोहिमेनं एक आख्खा अहवाल काढला होता की बीएनपी, इंग्लिश डिफेन्स लीग, स्टॉप इस्लामायझेशन ऑफ युरोप ही कट्टर उजवी मंडळी आपली मित्र नाहीत, शत्रू आहेत. दोन वर्षांनी दुसरा अहवाल काढला तो डाव्यांवर, जे इस्लामी कट्टरपंथीयांच्या मांडीला मांडी लावून युद्धविरोधी मोर्चे काढत होते त्यांच्यावर. दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या.

पण लोकांच्या लक्षात काय राहतं? वॉटर्सबाईंचा एक जुना फोटो.

दुसऱ्या टोकाची गोष्ट पण सांगते, म्हणजे लेकीच्या मैत्रिणींना वाटायला नको की मी एकाच बाजूचं सांगतेय. २०१५ मध्ये वॉरिक विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेनं नमाझींना बोलू द्यायला नकार दिला, भडकाऊ बोलतील म्हणून, मग बोभाटा झाल्यावर माफी मागून परवानगी दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी गोल्डस्मिथ्स कॉलेजात त्यांच्या भाषणात तिथल्या इस्लामिक सोसायटीतली काही मुलं पुढे बसून हसत-ओरडत राहिली, प्रोजेक्टर बंद केला, आणि नंतर तिथल्या स्त्रीवादी गटानं पाठिंबा दिला तो त्या मुलांच्या संघटनेला. इराणमधून जीव घेऊन आलेली बाई बोलतेय, आणि तिला गप्प करणाऱ्यांच्या बाजूनं स्त्रीवादी. हे वाचून मी दोन दिवस चिडचिड केली, नवऱ्याला उगाच बोल लावले.

ही दोन दगडांमधली जागा नवीन नाही. रश्दी प्रकरणात, १९८९ च्या मे महिन्यात, पार्लमेंटसमोर सलमान रश्दींच्या 'सॅटानिक व्हर्सेस' ह्या पुस्तकावर बंदी मागणारा प्रचंड मोर्चा निघाला होता. त्याच्या विरोधात विमेन अगेन्स्ट फंडामेंटलिझम नावाच्या गटाच्या मूठभर बायका उभ्या राहिल्या, त्यात साउथॉलच्या कितीतरी आपल्याकडच्या. एका बाजूनं मोर्च्यातली पोरं त्यांच्यावर धावून आली आणि दुसऱ्या बाजूला नॅशनल फ्रंटचे गोरे फॅसिस्ट. मी तेव्हा इचलकरंजीत दहावीच्या निकालाची वाट बघत होते, पण ही गोष्ट इथल्या जुन्या बायकांकडून इतक्यांदा ऐकलीय की आता मी स्वतः तिथे होते असं वाटायला लागलंय.

त्या गटाच्या संस्थापकांपैकी एक गीता सहगल. हे नाव मराठी माणसानं लक्षात ठेवावं असं आहे. नयनतारा सहगल यांची मुलगी, म्हणजे रणजित सीताराम पंडितांची नात. पंडित म्हणजे मूळचं कोकणातलं घराणं, राजतरंगिणीचं इंग्रजी भाषांतर करणारे, विजयालक्ष्मींचे यजमान. गीताताई अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ह्या मानवी हक्क संस्थेत स्त्रियांच्या हक्कांच्या विभागाच्या प्रमुख होत्या. अमेरिकेच्या ग्वांतानामो तुरुंगात आरोपपत्राशिवाय डांबून ठेवलेला आणि २००५ मध्ये सुटलेला मोअज्जम बेग नावाचा ब्रिटिश माणूस, त्याची केजप्रिझनर्स नावाची संघटना, आणि तिच्याबरोबर अ‍ॅम्नेस्टी ठिकठिकाणी कार्यक्रम करत होती, पंतप्रधानांच्या घरी शिष्टमंडळात त्याला घेऊन गेली होती. तो तालिबानचा समर्थक आहे अशी गीताताईंनी आत तक्रार केली, ती ऐकली गेली नाही, मग २०१० च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रात बोलल्या आणि त्याच दिवशी निलंबित झाल्या. एप्रिलमध्ये बाहेर. बेगनं कट्टरतेचे आरोप नाकारले आणि अ‍ॅम्नेस्टीचं म्हणणं होतं की तो स्वतःच्या कैदेबद्दल बोलतोय, त्याच्या बाकीच्या मतांशी आमचं देणंघेणं नाही.

ह्यात गीताताईंचा मुद्दा काय होता तो नीट बघा, कारण बहुतेकजण चुकीचा सांगतात. त्या असं म्हणत नव्हत्या की त्याला तुरुंगात ठेवा, किंवा त्याच्या हक्कांसाठी लढू नका. छळ कोणाचाही होऊ नये, त्यासाठी लढायलाच पाहिजे. त्यांचं म्हणणं एवढंच की ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूनं उभं राहणं वेगळं आणि त्याला मानवी हक्कांचा पुरस्कर्ता म्हणून शेजारच्या खुर्चीवर बसवणं वेगळं. तुम्ही त्याला ती खुर्ची दिलीत की त्याचं बाकीचं राजकारणसुद्धा तुमच्या मेणबत्तीच्या उजेडात उजळून निघतं, आणि मग अफगाणिस्तानात शाळेसाठी जीव धोक्यात घालणारी मास्तरीण तुमच्याकडे काय तोंडानं येईल. मला हा फरक कळायला वेळ लागला, पण एकदा कळला आणि माझ्या डोक्यातला निम्मा गुंता सुटला. (जाता जाता, ह्याच गीताताईंच्या आई २०१९ च्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटक होत्या, धमक्या आल्या आणि आपल्या लोकांनी निमंत्रण मागे घेतलं. लेकीला व्यासपीठ कोणाला द्यावं ह्यावरून नोकरी सोडावी लागली आणि आईला व्यासपीठच नाकारलं. बोला आता.)

निम्मा गुंता म्हटलं, कारण उरलेला निम्मा सुटलेला नाही. त्याचं नाव बॅरोनेस कॉक्स. ह्या लॉर्ड्समधल्या बाईंनी २०११ मध्ये एक बिल आणलं, धार्मिक लवादांमध्ये बायकांशी भेदभाव होऊ नये, त्यांच्यावर दबाव आणता येऊ नये, वगैरे. बिल चांगलं होतं. आमच्या सल्लाकेंद्रात येणाऱ्या बायकांच्या कामाचं होतं, सेक्युलर संघटनांनी पाठिंबा दिला, अनेकदा परत परत मांडूनसुद्धा त्याचा कायदा झाला नाही ते सोडा. पण ह्याच बाई, लॉर्ड पिअर्सनबरोबर, नेदरलँडच्या कट्टर उजव्या पुढारी गेर्ट विल्डर्सना लॉर्ड्समध्ये त्यांची कुराणविरोधी फिल्म दाखवायला बोलावणाऱ्या. २००९ मध्ये विल्डर्सना हीथ्रोवरून परत पाठवलं आणि २०१० च्या मार्चमध्ये ते आले, फिल्म दाखवली. आता बिलाला पाठिंबा द्यायचा की नाही? मी दिला. पत्रावर सही केली. खासदाराला ईमेल केलं. पण त्यांच्या कार्यक्रमाला स्टेजवर बसायला कुणी बोलावलं असतं तर गेले असते का, नाही बहुतेक, आणि ह्या दोन्हींत मला तेव्हाही विसंगती वाटली आणि आजही थोडी वाटते. बिल कागदावर असतं, त्यातलं कलम चांगलं की वाईट ते वाचून ठरवता येतं, बाई बाजूला ठेवता येतात. स्टेजवर कलम नसतं, माणसंच असतात. एवढंच माझं स्पष्टीकरण, पटलं तर घ्या.

आणि हे सगळं शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. मी स्वतः शेण खाल्लंय.

२०१४ चा उन्हाळा असेल. एका संस्थेकडून फोन आला, नाव लिहीत नाही, तुम्ही दुभाषी म्हणून काम करता, बायकांचे अनुभव मांडाल का, स्त्रियांचे हक्क असा विषय आहे, हॉल छान आहे, चहा-सँडविच आहे. फोनवरचा माणूस इतका नम्र की मी एकच गोष्ट विचारायची विसरले, आणखी कोण बोलणार आहे. लेकीनं इस्त्री केलेली साडी, हातात चार पानांचं भाषण, अशी मी गेले. माझं भाषण झालं, टाळ्या बऱ्या पडल्या. नंतरचा वक्ता उठला आणि त्यानं सुरुवातच केली की ह्या बाईंनी आत्ता जे सांगितलं त्यावरून सिद्ध होतं की ही माणसं आपल्यात मिसळूच शकत नाहीत, ह्यांच्या मशिदी बंद करा, व्हिसा बंद करा. माझी चार पानं त्यानं घेतली आणि त्याचा दगड केला. आणि मी काय केलं? काही नाही. हातावर हात ठेवून बसले. उठून जावं असं वाटत होतं पण भारतीय बाईची ती सवय, कार्यक्रम मध्येच सोडून जाणं बरं दिसत नाही, नंतर चहा पण प्यायले. सगळ्यांनी मिळून फोटो काढला, मागे बॅनर, त्यावर मला आधी न दिसलेलं वाक्य.

तो फोटो फिरला. त्या वेळी आमच्याकडे एक बाई यायची, पाकिस्तानातल्या झेलमकडची, दोन मुली, निकाह नोंदवलेला नाही, नवऱ्यानं घराबाहेर काढलेलं, तिची केस मी जवळजवळ वर्षभर ऐकत होते, ती रडायला लागली की मी भाषांतर थांबवून पाणी द्यायचे. तिचा फोन बंद. दोन गुरुवार आली नाही. तिसऱ्या गुरुवारी केंद्रातल्या मॅडमनी सांगितलं की तिनं दुसरी दुभाषी मागितलीय. कारण विचारायची गरज नव्हती. तिच्या दिराच्या मोबाइलवर माझा फोटो होता आणि दीर तिला म्हणाला होता, बघ, तुझं सगळं ऐकून घेणारी कोण आहे ती. त्याला घरबसल्या मुद्दा मिळाला, मीच दिला.

तेव्हापासून मी विचारते, आणखी कोण आहे. आणि हे हॅरोतल्या आपल्या लोकांनाही लागू आहे बरं का, फक्त गोऱ्यांना नाही. २००९ च्या सप्टेंबरात इथल्या सेंट्रल मशिदीसमोर स्टॉप इस्लामायझेशनवाल्यांनी निदर्शनं जाहीर केली होती, आले मोजकेच, पण स्टेशन रोडला दुकानं बंद, पोलीस, घोडे, पोरांची दगडफेक, आणि माझ्या ओळखीचे दोन-तीन आपले लोक खिडकीतून बघत खूश होते, की बरं झालं कोणीतरी बोलतंय. त्यांना मी विचारलं, हेच लोक उद्या तुमच्या मंदिराच्या लाउडस्पीकरवर आले तर? हसले. २०१७ मध्ये आमच्याच भागाचे खासदार बॉब ब्लॅकमन यांनी पार्लमेंटात भरवलेल्या एका कार्यक्रमात बंगालचे कट्टर हिंदुत्ववादी तपन घोष बोलले, त्यावरून केवढा वाद झाला. तेव्हा दुसऱ्याच्या स्टेजवरचे कट्टर दिसतात आणि आपल्या स्टेजवरचे "थोडे स्पष्टवक्ते" वाटतात, ह्याबाबतीत कुठल्याच धर्माला एकमेकांना नावं ठेवायला जागा नाही.

म्हणजे मी फक्त आपल्या मताच्या लोकांशीच बोलते का? अजिबात नाही. वाद असेल, समोरासमोर असेल, मला उत्तर द्यायला वेळ असेल, तर कुणाशीही बोलेन, मौलवींशी बोललेय, युकिपवाल्याच्या दारात उभी राहून अर्धा तास भांडलेय. समोर बसणं आणि शेजारी बसणं ह्यात फरक आहे एवढंच. शेजारी बसलं की आपण त्याच्या वतीनं गप्प बसतो.

आमच्या वडिलांना हे कुठल्याही अहवालाशिवाय कळलं होतं. ते सेवा दलातले, हमीद दलवाईंचे चाहते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा माणूस, १९६६ मध्ये सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेतो, तोंडी तलाक बंद करा, समान नागरी कायदा आणा म्हणून, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढतो, आणि वयाच्या पंचेचाळिशीच्या आत जातो. दलवाईंना स्वतःच्या समाजानं शिव्या घातल्या आणि त्यांना उचलून धरायला असे लोक पुढे आले ज्यांना मुस्लिम बायकांशी काडीचं देणंघेणं नव्हतं. आमच्या शेजारी एक वकील होते, शाखेतले, ते दलवाईंचं पुस्तक सगळ्यांना वाचायला द्यायचे. वडिलांनी एकदा त्यांची प्रत आणली. मुस्लिम जमातवादावर जिथे जिथे टीका तिथे तिथे पेन्सिलीच्या रेघा, दोन-दोन वेळा गिरवलेल्या. आणि हिंदू जमातवादावर जिथे दलवाई बोलतात ती पानं कोरी करकरीत, जणू कोणी उघडलीच नाहीत. वडिलांनी काय केलं, त्या कोऱ्या पानांवर निळ्या शाईनं रेघा मारल्या आणि पुस्तक परत केलं. वकीलसाहेब सहा महिने बोलत नव्हते. (आणि ज्या गोळवलकर गुरुजींना ते मानायचे त्यांनी १९७२ च्या मुलाखतीत राष्ट्रीय ऐक्यासाठी समान नागरी कायद्याची गरज नाही म्हटलं होतं, हे वडिलांनी त्यांना सांगितलं तेव्हा तर पुढचे सहा.)

मामेभावानं २०१७ ला तिहेरी तलाकचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यावर मला ग्रुपवर लिहिलं होतं, "आता तरी खूश ना?" हो, खूश होते. त्याच्या खाली त्यानं जो विनोद टाकला होता तो बघून ग्रुप म्यूट केला.

झेलमकडची ती बाई मला मध्ये ईलिंग रोडला भेटली, आठ-नऊ वर्षांनी. मीच तोंड चुकवत होते, तिनंच हाक मारली, बाजी. थोरली मुलगी आता फार्मसी शिकतेय, कौन्सिलकडून खुला, म्हणजे बायकोनं मागितलेला तलाक, मिळाला शेवटी, मेहरची रक्कम परत करून, घर नाही मिळालं. मग भेंडी निवडता निवडता अगदी सहज विचारलं तिनं, "उस दिन आप उन लोगों के साथ क्यूँ बैठी थीं?"

मी म्हटलं, विचारलंच नव्हतं ग, आणखी कोण येणार आहे ते.

ती थोडा वेळ भेंड्या मोडून बघत राहिली. "मेरे निकाह में भी किसी ने नहीं पूछा था," म्हणाली, "कि रजिस्टर कहाँ है।" आणि मग एक पिशवी माझ्याकडे सरकवून म्हणाली, धरा जरा, पैसे काढते.